परभणी जिल्हा आणि त्याच्या कचेरीचे गाव

शेतकऱ्यास आपल्या शेताचे बांध, बांधावरची झाडे आणि विहिरीचे पाणी यांची पुरी माहिती असते. परंतु ते शेत ज्या दफ्तरात लिहिले गेले आहे, त्या दफ्तराचा इतिहास त्यास बहुधा ठाऊक नसतो. त्यामुळे काय हानी होते, हे तहसील कचेरीच्या ओट्यावर दुपारपर्यंत ताटकळत बसलेल्या माणसांकडे पाहिले म्हणजे कळून येते. हातात आजोबांच्या वेळचा एक उर्दू कागद असतो; त्यावरील साल उमगत नाही; 'शिकमीदार' या शब्दाचा अर्थ एक जण एक सांगतो व दुसरा दुसराच सांगतो; आणि मूळ मिसल कोणत्या गावच्या दफ्तरात आहे, हेही निश्चित नसते. म्हणून परभणी जिल्हा कसा घडला, परभणी हे जिल्ह्याचे ठाणे झाल्यावर काय पालटले, आणि प्रत्येक राजवटीने आपल्या जमिनीविषयी कोणता कागद मागे ठेवला, याचा विचार प्रस्तुत लेखात क्रमाने करावयाचा आहे.

१. भूमी व नद्या

परभणी जिल्हा हा गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा मुलूख होय. गोदावरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातून पूर्वेकडे वाहत जाते. पूर्णा नदी जिंतूरच्या बाजूने खाली येते, वाटेत तीस दुधना मिळते, आणि पुढे पूर्णा तालुक्यात ती स्वतः गोदावरीस मिळते. उत्तरेस जिंतूरकडे व दक्षिणेस गंगाखेडकडे डोंगराळ भाग आहे. मध्यंतरीची जमीन सपाट, खोल व ओल धरून ठेवणारी आहे. अशा जमिनीत ज्वारी, कापूस व तूर ही पिके पिढ्यान् पिढ्या होत आली. अलीकडे सोयाबीनने पुष्कळ क्षेत्र व्यापले आहे, हे वाचकांस सांगावयास नको.

परभणी या गावाचे जुने नाव प्रभावतीनगरी असे सांगतात, व ते प्रभावती देवीच्या मंदिरावरून पडले अशी परंपरा आहे. गावाच्या प्राचीनतेची एक साक्ष मात्र धातूची आहे. चालुक्यांच्या वेमुलवाडा शाखेतील राजा तिसरा अरिकेसरी याचा शके ८८८, म्हणजे इसवी सन ९६६ चा ताम्रपट परभणीस सापडला. हा ताम्रपट जमिनीच्या दानाचाच आहे. वेमुलवाडा हे गाव आज तेलंगणात आहे. तेथील जिनालयास गाव दिल्याचा लेख परभणीस मिळावा, यावरून जमिनीचा कागद जमिनीपासून किती दूर जाऊन पडतो, हे ध्यानात येते. हा अनुभव आजच्या खातेदारासही नवा नाही.

२. पाथरीचा काळ

सध्या परभणी हे जिल्ह्याचे ठाणे असले, तरी मध्ययुगात या भागाचे मुख्य ठिकाण पाथरी हे होते. देवगिरीचे यादव राज्य चौदाव्या शतकाच्या आरंभी बुडाले; १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले; आणि त्या राज्याची शकले झाल्यावर पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीकडे राहिली. या पाथरीवरून इमादशाही व अहमदनगरची निजामशाही यांत दीर्घ वैर माजले. फिरिश्ता हा इतिहासकार त्याचे कारण असे देतो की, निजामशाही घराण्याचे पूर्वज मूळचे पाथरीचे कुलकर्णी होते. म्हणून बुऱ्हाण निजामशहास ते गाव आपल्याकडे असावे असे वाटे. त्याने मोबदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, तो नाकारला गेला, आणि १५१८ मध्ये त्याने पाथरी बळाने घेतली. एका कुलकर्णी वतनाच्या गावावरून दोन राज्यांनी तलवारी उपसाव्या, ही गोष्ट आमच्यासारख्या दफ्तरात जन्म घालविलेल्या मनुष्यास विशेष वाटते.

पुढे १५७४ मध्ये निजामशाहीने सगळी इमादशाहीच जिंकून घेतली. १५९६ मध्ये चांदबिबीने वऱ्हाड मोगलांस दिले, व पुढच्याच वर्षी पाथरीच्या टापूत गोदावरीकाठी खानखानान याने दक्षिणी फौजांचा पराभव केला. अकबराच्या कारकिर्दीतील वऱ्हाड सुभ्यात पाथरी हे एक सरकार होते व त्याखाली १८ महाल होते. सरकार, महाल वा परगणा, आणि गाव अशी ही उतरंड होती. परगण्यावर देशमुख व देशपांडे, आणि गावावर पाटील व कुलकर्णी हे वतनदार असत. राजे बदलले, तरी ही माणसे बहुधा तीच राहिली. कारण कोणत्या शेताचा किती वसूल येतो, हे त्यांनाच ठाऊक असे.

३. मक्त्याचा काळ

१७२४ मध्ये साखरखेडल्याच्या लढाईनंतर निजामुल्मुल्क दक्षिणेत स्वतंत्रपणे राहू लागला. तत्पूर्वी १७१९ मध्ये मराठ्यांस दक्षिणेच्या सहा सुभ्यांवरील चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या होत्या. यामुळे एकाच शेताच्या उत्पन्नावर दोन राज्यांचे हक्क बसले.

शेतकऱ्यास त्याहून अधिक जाच झाला तो मक्त्याच्या पद्धतीचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः चंदुलाल याच्या कारभारात, हैदराबादचा खजिना कर्जात बुडाला होता. तालुक्यांचा वसूल सावकारांस व लष्करी सरदारांस मक्त्याने दिला जाई. त्या वेळचा 'तालुकदार' हा पगारी अंमलदार नसून पुष्कळ अंशी मक्तेदार होता. ज्याने आगाऊ रक्कम भरली, त्याने ती व्याजासह रयतेपासून काढावी, अशी ही रीत. पुढील वर्षी मक्ता आपल्याकडे राहील की नाही, याची खात्री नसल्यामुळे गाव राखून वसूल करण्याचे कारणच त्यास उरत नसे. शेतकऱ्याच्या हाती पावती असे वा नसे. जमिनीचे माप तर बहुधा नजरेचेच असे. १८४३ मध्ये चंदुलाल कारभारातून दूर झाला, परंतु पद्धती एकदम बदलली नाही.

४. जिल्हेबंदी

१८५३ मध्ये तुराब अली खान, म्हणजे पहिला सालारजंग, हैदराबादचा दिवाण झाला. त्याच वर्षी वऱ्हाड इंग्रजांकडे गेले. सालारजंगाने मक्तेदार तालुकदार हळूहळू काढून त्यांच्या जागी पगारी अंमलदार नेमिले, आणि १८६५ च्या सुमारास 'जिल्हेबंदी' अमलात आणिली. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दोम व सोम तालुकदार, तालुक्यावर तहसीलदार, आणि गावी पाटील व पटवारी अशी रचना ठरली. अव्वल तालुकदार म्हणजे आजचा जिल्हाधिकारी होय. परभणी जिल्हा औरंगाबाद सुभ्यात पडला, आणि परभणी हे कचेरीचे गाव झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाथरीस जुन्या सरकारचा मान होता. हिंगोलीस हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती व कापसाचा मोठा व्यापार होता. परभणी यांच्या मानाने लहान गाव. १९०१ मध्येही तेथील वस्ती सुमारे दहा हजारच होती. तथापि खजिना, दफ्तर, तुरुंग व न्यायासन जेथे बसले, तेथे वकील आले, मुद्रांक विकणारे व अर्ज लिहिणारे आले, खाणावळी व धर्मशाळा आल्या. छावणी मात्र १९०३ मध्ये कंटिन्जंट मोडल्यावर उठून गेली. लष्कर उठते, पण कचेरी सहसा उठत नाही. परभणीच्या वाढीचे पहिले कारण हेच होय.

जिल्हेबंदीपाठोपाठ, १८७५ नंतर, मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली. सर्व्हे नंबर पडले, एकर व गुंठे आले, प्रतवारी लावून सारा ठरला, आणि 'सेतवार' नावाचे मूळ पत्रक तयार झाले. १३१७ फसलीचा जमीन महसूल कायदा हा त्यावरील कळस. या कायद्यातील तीन शब्द प्रत्येक खातेदाराने पाठ करावेत. 'पट्टेदार' म्हणजे सरकारास सारा देण्याची जबाबदारी ज्याच्या नावे आहे तो. 'शिकमीदार' म्हणजे पट्टेदाराप्रमाणेच जमिनीत हक्क असलेला, वा प्रारंभापासून त्याच्यासह कबजात असलेला भागीदार. 'आसामी शिकमी' म्हणजे पट्टेदाराकडून जमीन घेऊन कसणारे कूळ. शिकमीदारास कूळ समजणे ही मोठी चूक आहे. भाऊबंदकीच्या वादात थोरल्या शाखेचे नाव पट्ट्यास व धाकट्याचे शिकमीत असे पुष्कळदा आढळते. धाकट्याच्या नातवास 'तुम्ही नुसते कूळ होता' असे कोणी सांगितल्यास त्याने घाबरून न जाता मूळ कागदाची नकल काढावी.

मात्र ही सारी व्यवस्था मुख्यतः दिवाणी, म्हणजे खालसा गावांपुरती होती. हैदराबाद राज्याचा सुमारे दोन-पंचमांश भाग सर्फेखास, पायगा व जहागिरी यांत गेलेला होता. जहागिरीतील रयतेचे कागद जहागीरदाराच्या दफ्तरात असत, व त्यांची स्थिती जहागीरदाराच्या स्वभावावर अवलंबून असे.

५. आगगाडी, कापूस व दुष्काळ

१९०० च्या सुमारास मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटर मापी मार्ग सुरू झाला आणि परभणी त्या मार्गावर आली. कचेरीच्या गावास आगगाडी मिळाली, हे वाढीचे दुसरे कारण. कापूस बैलगाडीने दूरच्या पेठेस नेण्याऐवजी सेलू, मानवत व परभणी येथे विकू लागला. सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने निघाले. पुढे पूर्णा येथून हिंगोलीकडेही फाटा गेला.

परंतु याच काळावर एक काळी छाया आहे. १८९१ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या आठ लाखांवर होती. १९०१ मध्ये ती साडेसहा लाखांच्या आत आली. १८९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी हे केले. आगगाडी दाण्याच्या गोण्या आणू शकते, पण त्या विकत घेण्यास मजुराच्या हाती पैसा लागतो. हा धडा त्या साली मिळाला. १९७२ च्या दुष्काळात रोजगाराची कामे निघाली, लाल मिलो ज्वारी व सुकडी वाटली गेली, आणि हाल पुष्कळ झाले तरी १९०० प्रमाणे गावे ओस पडली नाहीत. दोन्ही प्रसंगी पाऊस दगा देणाराच होता. फरक कारभाराचा होता.

शेतीच्या सुधारणेचाही आरंभ याच गावी झाला. १९१८ मध्ये हैदराबाद सरकारने परभणीस मुख्य प्रायोगिक शेत काढले. येथील गावरानी कापसावर पुष्कळ काम झाले. १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय निघाले, आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून त्यास वसंतराव नाईक यांचे नाव आहे. केवडा रोगास दाद न देणारी 'परभणी क्रांती' भेंडी व 'परभणी मोती' ज्वारी ही येथील वाणांची नावे शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असे लोक थट्टेने म्हणतात. पण या गावाचे नाव बियाण्याच्या पिशवीवर देशभर गेले, हेही त्या थट्टेबरोबर सांगितले पाहिजे.

६. न्यायाची वाट

जिल्हेबंदीच्या प्रारंभी तालुकदार व तहसीलदार हेच सारा वसूल करीत व न्यायही देत. ज्याच्या हुकमाविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच समोर उभे राहावयाचे, असा प्रसंग रयतेवर येई. १९२१ मध्ये हैदराबाद राज्यात न्यायखाते कारभारी खात्यापासून वेगळे करण्यात आले. देशातील पुष्कळ भागांत ही सुधारणा फार मागाहून झाली, हे त्या राज्याच्या बाजूने प्रामाणिकपणे नमूद करावयास हवे.

परंतु भाषेची अडचण राहिलीच. दरबारी भाषा प्रथम फार्सी होती; १८८४ च्या सुमारास तिच्या जागी उर्दू आली. गावचा पटवारी मोडीत लिही, तालुक्याची मिसल उर्दूत चाले, आणि शेतकरी मराठीत बोले. निकाल ऐकून घेण्यासही त्यास मध्यस्थ लागे. आणि मध्यस्थ लागला म्हणजे खर्च लागला. १९३७ मध्ये याच जिल्ह्यातील परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. मराठी मुलुखाच्या गाऱ्हाण्यांस तेथे वाचा फुटली.

दादीची शेवटची पायरीही वेळोवेळी हलली. १९५६ पर्यंत अपील हैदराबादेस जाई, त्यानंतर मुंबईस. २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथे खंडपीठ सुरू झाले. गरीब पक्षकार पुष्कळदा निकालाने नव्हे, तर अंतराने हरतो. तेव्हा हे अंतर कमी होणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

७. १९४८ नंतरचे कायदे

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. १५ ऑगस्ट १९४९ च्या जहागीर निर्मूलन नियमाने जहागिरी गावे सरकारी कारभारात आली. १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याने ठरलेल्या मुदतीत सलग कसणाऱ्यांस 'संरक्षित कूळ' हा दर्जा मिळाला. १९५४ मध्ये इनामे रद्द करण्याचा कायदा झाला. १९५४-५५ ची खासरा पाहणी ही त्या संक्रमणकाळातील कबज्याची नोंद म्हणून आजही न्यायालयात पुढे केली जाते.

या कायद्यांनी कित्येक कसणारे मालक झाले. तसेच कित्येकांचा हक्क नोंद न झाल्यामुळे बुडाला. कायदा सर्वांस सारखा होता. परंतु ज्याने वेळीच अर्ज केला, पावती जपली व नाव लावून घेतले, त्यासच त्याचा लाभ झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू होऊन जुना १३१७ फसलीचा कायदा संपला.

पाण्याचा इतिहासही याच काळातील आहे. पूर्णेवर जिंतूर तालुक्यात येलदरी व त्याखाली सिद्धेश्वर ही धरणे झाली. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांनी बसविली, व २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब असून तो परभणी जिल्ह्यापर्यंत येतो. कालवा आला तेथे जमिनीची किंमत वाढली, आणि किंमत वाढली तेथे भाऊबंदकीचे दावेही वाढले.

८. जिल्ह्याची वाटणी

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला व परतूर तिकडे गेले. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा निराळा झाला. हिंगोली, बसमत व कळमनुरी, तसेच औंढा नागनाथ व संत नामदेवांचे नर्सी हे सर्व तिकडे गेले. संत जनाबाईंचे गंगाखेड परभणीकडेच राहिले. सांप्रत परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा व पालम असे नऊ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार व परभणी शहराची ३ लाख ७ हजार भरली. त्याच वर्षी शहरात महानगरपालिका झाली.

जिल्हे व तालुके लहान होणे हे शेतकऱ्याच्या सोयीचेच आहे. परंतु माणसे नव्या कचेरीकडे जाऊ लागली, तरी जुना कागद कोठे राहिला याची चौकशी केली पाहिजे. नव्या तहसिलीत 'कागद नाही' असे उत्तर मिळाले, तर तो नष्टच झाला असे समजू नये. गाव पूर्वी ज्या तालुक्यात व जिल्ह्यात होते, तेथील अभिलेख कक्षातही अर्ज करून पाहावा.

९. खातेदाराने काय करावे

या इतिहासावरून पुढील गोष्टी निघतात.

पहिली, साल ओळखणे. जुन्या हैदराबाद राज्याचे फसली साल ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होई. फसली सालात ५९० मिळविले म्हणजे ज्या इसवी सनात ते सुरू झाले तो सन मिळतो; जानेवारीनंतरच्या महिन्यांस ५९१ मिळवावे. उदाहरणार्थ, १३५८ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४८ पासून पुढील वर्ष. जहागिरी १९४९ च्या ऑगस्टात गेल्या, त्या याच फसलीत.

दुसरी, नाणे ओळखणे. जुन्या पावतीत 'हाली' रुपये असल्यास सात हाली म्हणजे सुमारे सहा कलदार असा हिशेब होता. रकमेचा मेळ बसत नाही म्हणून पावती खोटी ठरवू नये.

तिसरी, साखळी जुळविणे. सेतवार, पहाणी पत्रके, खासरा पाहणी, त्यानंतरचा सातबारा आणि प्रत्येक फेरफार अशी ओळ लावावी. सातबाऱ्यातील नमुना ७ हा हक्काचा व नमुना १२ हा पिकाचा. ८अ हा एकूण खात्याचा. आणि नाव कसे बदलले हे नमुना ६ च्या फेरफार नोंदवहीत सापडते. आता सातबारा संगणकावर मिळतो, ही मोठी सोय आहे; पण संगणकावर उतरलेली चूक ही जुन्या कागदानेच दुरुस्त होते.

चौथी, मृत्यूनंतर वारसाची नोंद लांबवू नये, आणि तीत मुलींसह सर्व वारसांची नावे द्यावीत. फेरफाराची नोटीस आल्यावर हरकतीस पंधरा दिवसांची मुदत असते. ती नोटीस वाचल्याखेरीज तीवर सही करू नये.

पाचवी, उर्दू व मोडी वाचणारी वृद्ध माणसे गावोगाव कमी होत चालली आहेत. ती आहेत तोवर घरातील पेटीतले कागद त्यांच्याकडून वाचवून घ्यावेत, त्याचा मराठी गोषवारा लिहून कागदासोबत ठेवावा, आणि मूळ कागद कोणाही मध्यस्थाच्या हाती न देता त्याची नकलच द्यावी.

पाथरीचे महाल गेले, जहागिरी गेल्या, तालुकदारी गेली. परंतु त्या प्रत्येकाने लिहून ठेविलेली ओळ आपल्या बांधावर अजून अंमल चालवीत आहे. आमच्या वाचक शेतकरी बंधूंनी येत्या उन्हाळ्यात, नांगरट आटोपल्यावर, दोन दिवस या कामी खर्च करावेत. ज्याच्या गावी तरुण मुले शिकलेली आहेत, त्याने हे काम त्यांच्याकडून करवून घ्यावे. त्यांस जिल्ह्याचा इतिहास कळेल, आणि घरच्या जमिनीचा कागद सुरक्षित राहील.